डॉक्टरांनी विचारलंच नाही

फर्स्ट इयरच्या अ‍ॅडमिशनला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आठवतंय? आई मला घेऊन आमच्या डॉक्टरकाकांकडे गेली. काकांनी वजन केलं, बीपी पाहिलं आणि 'शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम' या छापील ओळीखाली सही ठोकली. त्यातलं 'मानसिकदृष्ट्या' त्यांनी कशावरून तपासलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बीपीच्या पट्ट्यावरून कळत असेल कदाचित!

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळलेत, मुद्दा मात्र माझा आहे.)

पुढे सेकंड इयरला एम-थ्रीसकट तीन विषय उडाले. रिझल्टच्या आठवड्यात घरी गेले. झोप नाही, भूक नाही, पोटात सारखं दुखतंय. पुन्हा काका. "काय होतंय बेटा?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तर आईने दिलं, "काही नाही हो, रात्रभर मोबाइल आणि ते मेसचं जेवण." मी मान डोलावली. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन आम्ही घरी आलो.

त्या दिवसांत डोक्यात काय चालायचं ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की आपण नसलो तर आई-बाबांचं बरंच होईल, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ते पोटदुखीच्या आड लपलं होतं. काकांना दोष देत नाही. बाहेर पंधरा पेशंट खोकत बसलेले असताना असं कोण विचारणार? पण मित्र-मैत्रिणींनो, प्रश्न नेमका हाच आहे. कोण विचारणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे रोज पस्तीसच्या आसपास. त्यातले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. यातले कितीतरी जण आधी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांसमोर बसून आले असतील. डोकेदुखी, अशक्तपणा, अ‍ॅसिडिटी असं काहीतरी सांगून. काउन्सेलरच्या दारात आपण जात नाही, कारण कोणी पाहिलं तर? फॅमिली डॉक्टरकडे मात्र सगळेच जातात. म्हणून विचारायचं तर तिथेच विचारायला हवं.

आणि विचारायला काही मोठं मशीन लागत नाही. अमेरिकेत 2012 साली 'एएसक्यू' नावाची चार प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध झाली. उत्तरं हो किंवा नाही, वेळ अर्धा मिनिटसुद्धा नाही. गेल्या काही आठवड्यांत मरून जावंसं वाटलं का? आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केला होता का? एकालाही 'हो' आलं तर विचारायचं, आत्ता या क्षणी तसं वाटतंय का? दुसरा प्रश्न वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो माझाच होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "असलं विचारून उगाच पोरांच्या डोक्यात नको ते भरवाल." मलाही तसंच वाटायचं. पण 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,300हून जास्त मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. उलट, आधीच खचलेल्या मुलांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाळणी लावली, पुढे काय? 2022 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अ‍ॅकॅडमीने बारा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारा असं सांगितलं. त्याच वर्षी तिथल्याच 'प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स' या तज्ज्ञगटाने नैराश्याची तपासणी करा म्हटलं, पण आत्महत्येच्या धोक्याच्या सरसकट तपासणीसाठी पुरेसा पुरावा नाही, असंही नोंदवलं. म्हणजे मोठ्यांचंही एकमत नाही. आपल्याकडे तर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा येत नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत, नुसता अलार्म बसवून आग विझत नाही. मान्य. पण बंब लांब आहे म्हणून अलार्मच नको, हे कुठलं लॉजिक?

तिसरा आक्षेप: मुलं खोटं बोलतील. बोलतीलच! मीच बोलले. घरून परत आल्यावर डिफॉल्टर लिस्टमधून सुटायला मेडिकल सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून कॉलेजजवळच्या एका नव्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "तुझ्या वयाच्या सगळ्यांनाच मी हे विचारते." मग विचारलं. मी हसून "नाही" म्हटलं. त्यांनी सही दिली आणि म्हणाल्या, "उत्तर बदललं तर ये." चार दिवसांनी मी परत गेले. तोपर्यंत एवढं कळलं होतं, की हे ऐकून घाबरणार नाही असं एक माणूस या गावात आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. डॉक्टरांनी विचारावं, पण एकट्याला, आईला दोन मिनिटं बाहेर बसवून. जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट करावं. पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं असावं. आणि कृपा करून हे प्रश्न अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर छापू नका. सीट जाईल या भीतीने तिथे कोणीही खरं लिहिणार नाही. जिथे उत्तरावर काही अवलंबून नाही, तिथेच माणूस खरं बोलतो. पोलिसांची भीती असेल, तर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालचा माणूस मानलं आहे, गुन्हेगार नाही.

आणि डॉक्टरांनी विचारेपर्यंत थांबायचंही कारण नाही. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शेजारच्या बेडवरची मुलगी तीन दिवस जेवली नसेल, तर "मेसचं जेवण ना?" असं उत्तर तिच्या वतीने देऊ नका. तिला विचारा आणि गप्प बसून ऐका.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"