परमुलखातील पहिला नाताळ

नाताळच्या आदल्या मध्यरात्री अमरावती-अकोल्याच्या प्रार्थनामंदिरांत घंटा वाजू लागतात, तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. शिक्षणासाठी वा चाकरीसाठी मुलगा प्रथमच परदेशी गेलेला असला, म्हणजे करंज्या लाटणारा आईचा हात क्षणभर थबकतो. दूरध्वनीवर आता चेहराही दिसतो, हे खरे. पण पंगतीतले एक ताट रिकामे ते रिकामेच.

ही व्यथा नवी नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीनच महिन्यांनी नाताळ आला. आईवडील दुष्काळात गेलेले, पाठोपाठ बंधू आणि पतीही निवर्तलेले. सोबत आलेल्या मैत्रिणीचाही तिकडेच अंत झालेला. जवळ होती ती तिसऱ्या वर्षातली मनोरमा. आठवण काढावी असे घरच मागे उरले नव्हते! धर्म बदलला, तरी बाईंनी शाकाहार सोडला नाही. त्याला कोणी हट्ट म्हणोत. आम्हांस त्यात मोडलेल्या माजघराचा अखेरचा धागा दिसतो.

आणि आपल्या गावात काय? येथील रुग्णालयांत केरळातून आलेली एखादी परिचारिका नाताळच्या रात्रीही पाळीवर असते. कदाचित घरापासून दूर तिचा हा पहिलाच सण. पाहुण्यास जेवल्यावाचून न सोडणाऱ्या वऱ्हाडाने ते रिकामे ताट तिच्यासाठी मांडावयास हरकत कोणती? रात्रपाळी सकाळी सुटते. पंगत दुपारी बसते.