अंगणातली संध्याकाळ

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्याच्या वर्धापनदिनाचा सोहळा अंगणात होता. आईचे बालपणीचे कित्येक रविवार तिथे गेलेले. तिने सकाळीच इस्त्रीचे पातळ काढून ठेवले. मात्र दुपारपासून, त्या उकाड्यात, पाण्याचा घोट घेतला नाही. ‘तिथे स्वच्छतागृह कुठे शोधू?’ हे तिचे उत्तर घरोघरी परिचित असेल. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात असा निर्जळी उपास! खुर्चीवरून उठताच तिला भोवळ आली. पुन्हा बसवून थोडेथोडे पाणी पाजले, तेव्हा हुशारी वाटली. (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांची गोष्ट वेगळी.) स्वच्छतागृह किती दूर, वाटेत पायऱ्या किती, हे मी आधीच विचारून तिला सांगायला हवे होते.

वृद्ध डोळे अंधाराला सावकाश सरावतात, म्हणून दिवेलागणीपूर्वीच निघालो. घारापुरीहून आणलेल्या, तुकडे जोडून उभ्या केलेल्या दगडी हत्तीपाशी आई थांबली. नातीला म्हणाली, ‘माझ्या गुडघ्यासारखाच गं, जोडकाम झालेला!’ आणि स्वतःहून पाण्याची बाटली मागितली.