नळाची वेळ चुकत नाही, जमात चुकते

आमच्या शहरात, म्हणजे कागदावर छत्रपती संभाजीनगर आणि घरात अजूनही औरंगाबाद, नळाला पाणी येणं ही मोठी घटना असते. पैठणचं जायकवाडी धरण साधारण ५० किलोमीटरवर, तरी आमच्या गल्लीत पाणी आठ-आठ दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, आज रात्री अडीचला. त्या रात्री अख्खी गल्ली जागी असते. मोटारी सुरू होतात, टाक्या, पिंपं, बादल्या भरल्या जातात. चारला आम्ही झोपतो. तासा-दीड तासाने फजरची अजान होते, तेव्हा आमच्यातले निम्मे उठत नाहीत. त्या निम्म्यांत मीही.

झोपेला दोष देता येत नाही. अडीचला तीच झोप मोडली होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घरून काम करतो. क्लायंट न्यू जर्सीचा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा, कारण तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात. त्यामुळे रोजचा कॉल हिवाळ्यात इशाच्या जमातीला आडवा येतो, उन्हाळ्यात मगरिबला. आणि मगरिबची वेळ किती थोडी असते, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात अब्बांचे गुडघे फारच दुखू लागले. मशिदीत न्यायचं तर स्कूटरवर मीच नेणार. इशाच्या आधी ते वुजू करून, टोपी घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मी कानात हेडफोन घालून त्यांना पाच बोटं दाखवायचो. पाच मिनिटं. एका रात्री कॉल संपवून बाहेर आलो, तर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची नमाज चालू होती. सलाम फेरल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी ठरवलं, दोष मोबाइलचा आहे. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकलं, दोनदा परत घेतलं. आपल्याकडच्या बयानांतही हल्ली मोबाइलवरच सगळा राग निघतो. रील्स वेळ खातात हे खरंच आहे. पण त्या रात्री मी रील्स बघत नव्हतो. मला कॉलवर एवढंच म्हणायचं होतं की, माझी नमाजची वेळ झाली, वीस मिनिटांत येतो. ते म्हणवत नव्हतं. टीममध्ये आपलं नाव आधीच सगळ्यांच्या लक्षात असतं, त्यात आणखी ‘हा नमाजवाला’ कशाला, अशी ती भीती. एकदा तर ‘नेटवर्क गेलं होतं’ असं लिहून मी मगरिब अदा केली. नमाजसाठी खोटं बोललो! याला व्यवधान म्हणायचं की संकोच, तुम्हीच ठरवा. मी तरी बरीच वर्षं संकोचालाच व्यवधान म्हणत आलो.

सूरह जुमुआच्या शेवटच्या आयतींत एक प्रसंग आहे. मदीनेत जुमाचा खुत्बा चालू असताना व्यापाऱ्यांचा तांडा शहरात आला आणि लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना उभं सोडून तिकडे धावले. हजरत जाबिर (र.) यांच्या कथनानुसार मागे फक्त बारा जण उरले. धावणारे कुणी बेदीन नव्हते, सहाबा होते. तफसीरकार सांगतात की ते टंचाईचे दिवस होते. तांड्यात धान्य होतं. आमच्या गल्लीतल्या अडीचच्या पाण्यासारखंच ते धान्यही गरजेचं होतं.

मला अडवते ती त्याच सूरहमधली आज्ञा. अजान झाली की व्यापार सोडून या, आणि नमाज संपली की जमिनीवर पसरा, अल्लाहची कृपा शोधा. रोजीरोटी वाईट आहे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. प्रश्न फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढाच आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला जड जाऊ नये. कोणतं काम थांबवायचं आणि कोणतं थांबू द्यायचं नाही, याच्याच याद्या आम्ही दिवसभर करतो. माझ्या यादीत क्लायंट होता, सर्व्हर होता, नळ होता. नमाज यादीतच नव्हती, ती ‘जमेल तेव्हा’मध्ये होती.

जानेवारीत मी ऑफिसच्या कॅलेंडरवर रोजची वीस मिनिटं अडवली आणि समोर ‘नमाज’ असंच लिहिलं. ‘वैयक्तिक काम’ लिहायचा मोह झाला होता. मॅनेजरने विचारलं, कॉल सव्वाआठला चालेल का? इतकंच. आणि मी मनातल्या मनात चार वर्षं त्याच्याशी भांडत होतो. हे सगळीकडे इतकं सोपं नसणार, हे मला ठाऊक आहे. शिफ्टवर उभं राहणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या दुकानात काम करणाऱ्या भावाला कॅलेंडर नसतं. पण ज्यांना आहे, त्यांनी एकदा विचारून तरी बघा.

रिलीजच्या आठवड्यात अजूनही चुकते. मार्चमध्ये तिकडची घड्याळं बदलली आणि सगळं पुन्हा मगरिबवर आलं, पुन्हा विचारावं लागलं. फजरचं अजून जमलेलं नाही.

काल अब्बा टोपी घालून खुर्चीत बसले होते. मी बाहेर आलो तसं त्यांनी सवयीने विचारलं, “मीटिंग है क्या, बेटा?” मी स्कूटरची किल्ली दाखवली.