पदकापलीकडचा माणूस

खेळाडूची लोकप्रियता त्याच्या पदकांवरून मोजावी, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो किती अपुरा आहे, हे पाहायचे असेल तर रॉबर्ट हार्टिंग या जर्मन थाळीफेकपटूकडे पाहावे. २०१८ साली त्याने मैदान सोडले. पण जर्मन रसिकांच्या मनातून तो काही उतरला नाही. असे का व्हावे?

त्याचा पराक्रम मोठा आहे, यात शंका नाही. २००९ साली बर्लिनला अखेरच्या फेरीत ६९.४३ मीटर फेक करून तो जगज्जेता झाला आणि आनंदाच्या भरात त्याने अंगातला बनियन टराटरा फाडला. २०११ व २०१३ साली त्याने तेच अजिंक्यपद राखले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ६८.२७ मीटर फेकीवर त्याला सुवर्णपदक मिळाले. याच अंतिम फेरीत आपला विकास गौडा आठवा आला होता.

परंतु नुसत्या पदकांचाच हिशेब करायचा, तर लार्स रीडेल हा जर्मन थाळीफेकपटू पाच वेळा जगज्जेता झाला आहे. रॉबर्टचा सख्खा धाकटा भाऊ क्रिस्टोफ याने २०१६ साली रिओला सुवर्णपदक जिंकले, तेही ६८.३७ मीटर फेकून, म्हणजे थोरल्यापेक्षा दहा सेंटिमीटर पुढे! तरी थोरल्याच्या वाट्याला आलेले प्रेम धाकट्याला लाभले नाही.

कोणी म्हणेल, बनियन फाडण्याचा तमाशा लोकांना आवडला. पण तमाशा चार दिवस लक्षात राहतो. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. हा माणूस नफातोटा पाहून बोलला नाही. २०१४ साली जगातील सर्वोत्तम अ‍ॅथलीटच्या सन्मानासाठी त्याचे नाव यादीत आले. उत्तेजक द्रव्यांपायी बंदी भोगलेला धावपटू जस्टिन गॅटलिनही त्याच यादीत होता. हार्टिंगने आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली. २०१६ साली रशियाच्या प्रश्नावर त्याने ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस बाख यांच्यावर उघड टीका केली. बाख हे त्याचेच देशबांधव. तरी त्याने भीड धरली नाही.

तो संत नव्हे. २००९ साली, उत्तेजकांना बळी पडलेल्या पूर्व जर्मन खेळाडूंच्या निदर्शनांविषयी त्याने काढलेले उद्गार कठोर होते आणि त्याबद्दल त्याला टीका सोसावी लागली. पण मला इथेच त्याचे मोठेपण दिसते. तोच माणूस पुढे उत्तेजकांविरुद्ध उभा राहिला. लोकांनी त्याला चुकताना पाहिले, तसे वाढतानाही पाहिले. २०१८ च्या युरोपीय स्पर्धेत तो सहावा आला, तरी बर्लिनच्या प्रेक्षकांनी त्याला विजेत्याच्या थाटात निरोप दिला.

मित्रहो, जिमखान्याच्या फळ्यावर पदकविजेत्यांची नावे लागतात. ती लागलीच पाहिजेत. पण एखाद्याने न्याय्य गोष्टीसाठी आपला सन्मान नाकारला, तर त्याचे नाव लिहायला आपल्याकडे कोणता फळा आहे? मला वाटते, जर्मन प्रेक्षकांनी तो आपल्या मनात टांगला. आपणही तो टांगायला शिकले पाहिजे.