नातवाची लस आणि गावाकडचा फोन



या अंकात आडसाली लागणीच्या बेण्यावर चार शब्द लिहावेत असे योजिले होते. ते आता पुढल्या अंकी. मध्यंतरी गट ऑफिसात बसलो असता आपल्या एका जुन्या सभासदांनी सहज बोलता बोलता सांगितले, "सुनेचा फोन आला होता. नातीला गोवराची लस द्यायची म्हणत होती. मी म्हटलं, थांब जरा. करोनाच्या वेळची टोचाटोची बघितलीय आपण. आता पुरे." बाकीच्या मंडळींनी माना डोलावल्या. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो आणि चहा पिऊन उठलो. ते गप्प बसणे मनाला लागून राहिले, म्हणून हे लिहितो.

आपल्या भागातील किती घरांची पोरे मुंबईस आहेत हे नव्याने सांगावयास नको. कुणी बेस्टमध्ये, कुणी म्युनिसिपालटीत, कुणी कंपनीत. त्यातली बरीचशी कांदिवलीच्या चारकोपात सापडतील. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने १९८०च्या दशकात तेथे लहान लहान प्लॉट पाडून दिले, मधे अंगण आणि भोवती घरे अशा सोसायट्या झाल्या आणि आपल्यासारख्यांना मुंबईत डोक्यावर छप्पर मिळाले. आता त्याच घरांवर मजले चढले आहेत. पण घरातले मोठे निर्णय अजून गावाकडच्या फोनवर होतात. जमीन विकायची का, पोरीचे ठरवायचे का, आणि नातवाला लस द्यायची का.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही एका कामासाठी चारकोपला अशाच एका घरी चार दिवस होतो. दोघे भाऊ, दोन मजले, एक स्वयंपाकघर. त्या महिन्याच्या ३ तारखेपासून देशात १५ ते १८ वर्षांच्या मुलांना कोवॅक्सिन द्यावयास सुरुवात झाली होती. थोरल्याचा मुलगा दहावीला. ओमायक्रॉनची लाट चढत होती, मुंबईतल्या शाळा पुन्हा बंद. लस द्यावी की न द्यावी यावर त्या घरात पंधरा दिवस चर्चा चालली होती. बाप म्हणे, द्यावी. आई म्हणे, दहावीचे वर्ष आहे, तापबीप आला तर? आणि रोज संध्याकाळी सात वाजता गावाहून आजोबांचा फोन. आजोबांच्या मोबाईलवर रोज काहीतरी नवे आलेले असे. आज कुठे कोणी दगावले, उद्या पुढे मूल होत नाही, परवा आणखी काही.

आता हे आजोबा अडाणी होते असे कोणी समजू नये. द्राक्षाच्या बागेवर कोणते औषध किती मारायचे हे त्यांना कृषी अधिकाऱ्याहून बरे कळते. आणि चारकोपच्या त्या आईची शंकाही पोकळ नव्हती. आदल्याच वर्षी, ३० मे २०२१ रोजी, कांदिवली पश्चिमेच्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरणाचे शिबिर झाले होते. ३९० लोकांनी माणशी १२६० रुपये मोजले. नंतर कोणाच्या मोबाईलवर संदेश येईना, कोणाला ताप येईना, दाखले आले ते निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावाने. सोसायटीने तक्रार केली आणि सारे बाहेर पडले. लशीऐवजी मिठाचे पाणी टोचले असावे असा संशय आला. तपासात खुद्द चारकोपातल्या एका खाजगी रुग्णालयाचेही नाव आले. मुंबईत अशा शिबिरांत मिळून २,०५३ लोक फसले, असे सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितले. त्याच वर्षी जानेवारीअखेर यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले होते. हे सगळे ज्यांनी वर्तमानपत्रात वाचले ती माणसे विचार करणार नाहीत तर काय करतील?

आम्हांला वाटते, चूक इथेच झाली. शंका विचारणाऱ्याला भित्रा किंवा देशाचा वैरी ठरवण्याची घाई झाली. आपण कारखान्याच्या काट्यावर विश्वास ठेवतो, म्हणून वजनाची पावती घ्यायची सोडतो काय? पावती मागितली म्हणून काट्यावरचा कारकून रागावला तर आपण काय समजतो? लशीचेही तसेच आहे. कुपीवरचे नाव दाखवा, तारीख दाखवा, टोचल्यावर अर्धा तास बसवून घ्या, त्रास झाला तर कोणाकडे यायचे ते सांगा. एवढे ज्या केंद्रावर नीट सांगितले गेले तेथे कुरकूर कमी झाली. त्या मुलाला शेवटी आई स्वतः मालाडच्या मोठ्या केंद्रात घेऊन गेली. तेथल्या नर्सबाईने न विचारता कुपी दाखवली. पोराचा हात दोन दिवस दुखला, एक रात्र कणकण होती, तिसऱ्या दिवशी खाली क्रिकेट.

बळजबरीचे तर बोलायलाच नको. १८९७ मध्ये प्लेगाच्या वेळी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांत घुसून माणसे बाहेर काढली, त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगाची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. दोन्ही एकाच सरकारच्या राज्यात. लोकांना कोणती गोष्ट पटली असेल हे सांगावयास नको. परळच्या संस्थेस आजही हाफकिनचे नाव आहे. करोनाच्या बाबतीतही २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मुलांच्या लसीकरणाचे धोरण न्यायालयाने चुकीचे ठरविले नाही, मात्र मुलांवर झालेल्या चाचण्यांची माहिती लोकांपुढे ठेवा, असे बजावले. म्हणजे आईबापांचा प्रश्न न्यायालयानेही रास्तच धरला.

मग त्या आईबापांनी करावयास काय हवे होते? आमचे मत स्पष्ट आहे. त्या वेळी ज्यांनी मुलांना लस दिली त्यांनी योग्य केले. जून महिन्यात ढग बघून पेरणी करावी लागते, दिवाळीत निघालेले पीक बघून नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी माणसे तडफडताना आपण पाहिली. आपल्यासारख्याच एका कारखान्याने, धाराशिवने, इथेनॉलच्या प्रकल्पातून ऑक्सिजन काढून दाखवला, इतकी वेळ आली होती. घराघरांत म्हातारी माणसे, एका खोलीत सहा जण. मुलांना करोना बहुधा सौम्य जाई हे खरे, पण सर्वांनाच नाही. कोवॅक्सिन ही मेलेल्या विषाणूपासून केलेली लस, पुण्याच्या विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू वापरून हैदराबादेस तयार झालेली. लस करण्याची ही रीत जुनी, पाहिलेली. परदेशात तरुण मुलांच्या हृदयाला क्वचित सूज आल्याच्या ज्या बातम्या आजोबांच्या मोबाईलवर येत, त्या दुसऱ्या तऱ्हेच्या लशींच्या होत्या. आपल्याकडे मुलांना त्या लशी दिल्याच नव्हत्या. हे एवढे जर कोणी आजोबांना फोनवर शांतपणे सांगितले असते! मुलगा सांगत नव्हता, कारण वडिलांशी कोण वाद घालणार.

आणि ज्यांनी थांबायचे ठरवले त्यांनाही आम्ही पापी म्हणणार नाही. पुढे १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स सुरू झाली. त्याहून लहान मुलांपर्यंत सरकारी मोहीम गेलीच नाही. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितले की निरोगी मुलांना करोनाची लस देणे ही आता तातडीची बाब राहिलेली नाही, ज्या त्या देशाने आपापली परिस्थिती पाहून ठरवावे. शेतात कीड नसेल तर फवारणीचा खर्च कोण करतो? हा त्यातलाच हिशेब आहे. पण त्याच तज्ज्ञांनी त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोणाच्या मोबाईलवर फिरली नाही. मुलांच्या नेहमीच्या लशींचा, म्हणजे गोवर वगैरेंच्या लशींचा, फायदा यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तिकडे दुर्लक्ष करू नका.

आता पुन्हा चारकोपच्या त्या घरात यावे लागेल. थोरल्याच्या मुलाचे आधार कार्ड शोधण्यासाठी पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा धाकट्या जावेच्या मुलीचे लसीचे कार्ड हाती लागले. पोर तीन वर्षांची. नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस झालेला. दुसरा दीड-दोन वर्षांच्या आत द्यावयाचा, तो रकाना कोरा. लॉकडाऊनमध्ये दवाखान्यात जायची भीती, मग गावी आठ महिने, मग राहूनच गेले. मोठ्याच्या लशीवर पंधरा दिवस सारे घर भांडत होते आणि त्याच घरात धाकटीची हक्काची, जुनी, सरकार फुकट देते ती लस कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. फोनवर आजोबांनी तिच्याबद्दल कधी विचारले नाही. आम्हीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माउली पोरीला काखोटीला मारून म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात गेली.

त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुंबईत गोवराने डोके वर काढले. गोवंडीत सर्वांत जास्त, मग भिवंडी, मालेगाव. लहान लेकरे दगावली. करोनाच्या दोन वर्षांत ज्यांच्या लशी राहिल्या होत्या अशांतच तो अधिक फिरला. सरकारला जादा डोस देण्याची मोहीम काढावी लागली. गोवर म्हणजे अंगावर येऊन जातो, आपोआप जातो, असे आपल्याकडे म्हणतात. बहुतेकांचा जातो. काहींच्या छातीत उतरतो, मेंदूत उतरतो, आणि मग हात चोळत बसावे लागते. चाबूक काणी बाहेर पडल्यावर उसाला औषध मारून उपयोग नाही, बेणेप्रक्रिया लागणीआधीच करावी लागते, हे आम्ही याच अंकातून किती वेळा लिहिले असेल.

ज्यांची साठी उलटली आहे त्या सभासदांनी जरा सदऱ्याची बाही वर करून पाहावी. दंडावर देवीची खूण असेल. देवी काढणारा गावात आला की आया पोरांना कणगीमागे लपवत, या गोष्टी आपण घरात ऐकल्या आहेत. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या हातावरून आणखी पाच मुलांना, आणि तेथून पुणे-सुरतेकडे. त्या मुलीच्या आईला काय वाटले असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. मे १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रोगी आसामात सापडला, आणि १९८० मध्ये साऱ्या जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचा आपला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. आपल्या नातवंडांना या दोन्ही रोगांची नावेसुद्धा नीट माहीत नाहीत. आपल्या दंडावर खूण आहे आणि फोनवरून "थांब" म्हणणारेही आपणच.

म्हणून गट ऑफिसातल्या त्या सभासदांना, आणि त्यांच्या निमित्ताने सर्वांनाच, आमचे सांगणे आहे. करोनाच्या लशीबद्दल तुमचे मत काहीही असो, त्यावर आपण पुन्हा कधी पारावर बसून वाद घालू. पण त्याचा राग गोवराच्या लशीवर काढू नका. आज संध्याकाळी सुनेला फोन लावा आणि कार्ड काढून बघायला सांगा. कोरा रकाना असेल तर वय उलटून गेले म्हणून गप्प बसू नये, दवाखान्यात दाखवावे.

राहता राहिली एक गोष्ट, ती आपल्या नातवंडांची नाही. हंगामात आपल्या फडांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्यांवर पाच वर्षांच्या आतली किती लेकरे असतात ते आपण पाहतोच. त्यांची गावे बीडकडे, कार्डे गावाकडे पेटीत, लशीची तारीख येते तेव्हा ती आपल्या शिवारात. तिकडची आशाताई त्यांना गावी शोधते, इकडच्या नर्सबाईला ती आल्याचेच कळत नाही. टोळीचा करार करताना शेतकी खाते कोयते मोजते, गाड्या मोजते, उचल लिहिते. त्याच कागदावर लेकरांची नावे, वये आणि कार्ड आहे की नाही, एवढा एक रकाना वाढवावा, आणि टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावी, असा लेखी अर्ज आम्ही शेतकी खात्याकडे दिला आहे. छपाईचा खर्च काय तो एका ओळीचा. मोळी टाकण्याआधी नवे फॉर्म छापून येतील तेव्हा त्यात तो रकाना आहे का, हे प्रत्येक गटातल्या सभासदांनी आपापल्या चिटबॉयकडून मागून पाहावे.