कुत्र्याचे मागचे पाय एकाएकी लुळे पडल्यास

शेताची राखण, खळ्यावरील चौकी आणि मेंढवाड्याचे रक्षण करणारा कुत्रा हा शेतकऱ्याच्या घरचा बिनपगारी गडीच होय. तथापि बैल लंगडू लागताच दवाखान्याची वाट धरणारा शेतकरी कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले, तर ‘वारे गेले असेल’ किंवा ‘कोणी काठी मारली असेल’ असे म्हणून स्वस्थ बसतो. ही उदासीनता कुत्र्याच्या जिवावर बेततेच. पण ती घरच्या माणसांच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

तरुण कुत्र्याचे मागील पाय एकाएकी निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. वाहनाचा धक्का बसून पाठीचा कणा दुखावतो. डिस्टेंपर या सांसर्गिक रोगात आधी ताप येतो, डोळे व नाक वाहते आणि पुढे झटके येऊन पाय जातात. रात्री मण्यार चावल्यास जखम दिसतही नाही, परंतु काही तासांत शरीर लुळे पडून श्वास कोंडतो. या सर्वांहून भयंकर कारण म्हणजे रेबीज, अर्थात पिसाळण्याचा रोग.

पिसाळलेला कुत्रा धावून चावतोच, असा सर्वत्र समज आहे. तो अपुरा आहे. या रोगाच्या मूक प्रकारात कुत्रा कोणाच्या अंगावर जात नाही. तो कोपऱ्यात पडून राहतो, त्याचे पाय लुळे पडतात, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो व लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे वाटून घरचा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो, आणि येथेच घात होतो. लाळेतील विषाणू हातावरील लहानशा ओरखड्यातूनही शरीरात शिरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कारण निश्चित होईपर्यंत अशा प्रत्येक कुत्र्यास रेबीजचा संशयित मानावे. त्याच्या तोंडाला हात लावू नये, बळेच औषध पाजू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. त्यास एकटे बंदिस्त ठेवून पशुवैद्यकास बोलवावे. अपघात डोळ्यांदेखत झाला असेल, तरच त्यास न ओढता फळीवर निजवून न्यावे. दुखावलेला कुत्रा धन्यासही चावतो, हे तेव्हाही विसरू नये. पाठ चोळणे किंवा डाग देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

कुत्रा चावल्यास, अथवा त्याची लाळ जखमेस, डोळ्यास वा तोंडास लागल्यास विलंब करू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी; डोळा किंवा तोंड नुसत्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट भरू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करावी. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावयाची असते, पण त्यासाठी लस थांबवावयाची नसते. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा कुत्र्यास ठार केलेले काय वाईट? मारलेल्या कुत्र्यावर नजर ठेवता येत नाही, मारताना आणखी माणसे लाळेच्या संपर्कात येतात, आणि नुसता कणा दुखावलेला जीवही हकनाक जातो.

खरा उपाय आधीच करावयाचा आहे. पिलू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने न चुकता द्याव्यात. डिस्टेंपरचीही लस मिळते. कुत्र्यांमुळे माणसास होणारा रेबीज २०३० पर्यंत नाहीसा करण्याचे ध्येय आपल्या देशाने २०२१ मधील राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे. ते कागदावर राहू नये, असे वाटत असेल तर ग्रामसेवक बंधूंनी गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या वेळीच गावातील कुत्र्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे द्यावी. गोठ्यातील गुरे जशी आपली, तसा दारातील कुत्राही आपलाच. त्याची लस ही घरातील मुलाबाळांची राखण आहे.