उरलेल्या तिघांची गोष्ट

काळा टी-शर्ट आणि त्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर. हॉस्टेलच्या दोरीवर असा एक तरी टी-शर्ट वाळत असतोच. हे काय आहे असं विचारलं तर कुणी ईसीजी म्हणतं, कुणी साऊंड वेव्ह. आणि ज्याला माहीत असतं तो आवाज एकदम गंभीर करून सांगतो, "जॉय डिव्हिजन! त्यांचा सिंगर तेविसाव्या वर्षी गेला ना..." समोरचा "ओह!" म्हणतो आणि विषय संपतो.

माझं म्हणणं असं, की या बँडची खरी सांगण्यासारखी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पण ती कुणी सांगत नाही. गेलेल्या माणसाभोवती एक वलय असतं. मागे उरलेल्यांना कसलं आलंय वलय?

आधी त्या रेघांबद्दल. तो खराखुरा डेटा आहे, मंडळी! जोसेलिन बेल या केंब्रिजच्या संशोधक विद्यार्थिनीला 1967 मध्ये पहिला पल्सार सापडला. हा तारा दर 1.337 सेकंदांनी एक रेडिओ स्पंद पाठवतो. असे 80 स्पंद एकाखाली एक मांडलेला आलेख खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात छापला होता. तो बँडच्या पसंतीस उतरला आणि पीटर सॅव्हिल या डिझायनरने काळ्यावर पांढरा असा उलटवून 1979 च्या 'अननोन प्लेझर्स' या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर टाकला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

आता बँडबद्दल. 4 जून 1976 रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. गर्दी अगदीच थोडी होती. त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हूक हे शाळेपासूनचे दोन मित्र होते. यांना जमतं तर आपल्याला का नाही, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी हूकने बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती हा मुद्दा गौण! पुढे इयन कर्टिस गायला आला आणि 1977 मध्ये स्टीफन मॉरिस ड्रम्सवर आला. बँडचं नाव आधी वॉर्सा होतं, ते 1978 मध्ये जॉय डिव्हिजन झालं.

पंक म्हणजे वेग आणि आरडाओरडा. या चौघांनी तो वेग कमी केला, आवाजात मोकळ्या जागा सोडल्या. हूकचा अँप्लिफायर इतका सुमार होता की खालचे स्वर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत, म्हणून तो बेसवर वरचे स्वर वाजवू लागला. तीच त्याची ओळख बनली. पंकच्या पोटातून निघालेल्या या नव्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. त्यातले हे अगदी पहिल्या रांगेतले.

इयन कर्टिस दिवसा नोकरी करायचा. सरकारी रोजगार कार्यालयात अपंग व्यक्तींना काम मिळवून देण्याची नोकरी. रात्री स्टेजवर तो अंगात आल्यासारखा नाचायचा. जानेवारी 1979 मध्ये त्याला एपिलेप्सी, म्हणजे फेफरं असल्याचं निदान झालं. जागरणं, दारू, डोळ्यांवर येणारे दिवे, सगळं या आजाराला वाईट आणि बँडचं आयुष्य म्हणजे नेमकं हेच सगळं. त्यात औषधं इतकी जड की मनावरही परिणाम व्हायचा. कधी कधी स्टेजवरच झटका यायचा आणि लोकांना वाटायचं हा नाचतोय. लोक टाळ्या वाजवायचे! मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत भयंकर बाब हीच वाटते.

एप्रिल 1980 मध्ये इयन मरता मरता वाचला. आणि दोन-तीन दिवसांत त्याला बरी या गावच्या कार्यक्रमाला नेलं गेलं. तो जेमतेम एक-दोन गाणी म्हणू शकला, मग दुसरे गायला उभे राहिले आणि प्रेक्षकांनी राडा केला. 18 मे 1980 रोजी त्याने आयुष्य संपवलं. दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याला निघणार होता. आजार, औषधं, तुटत चाललेला संसार, थकवा... अशा मृत्यूचं एकच कारण शोधू नये आणि त्यात काव्यही शोधू नये. घरी बायको होती आणि एक वर्षाची मुलगी होती. त्यांच्यासाठी त्यात काव्य काहीच नव्हतं.

आता उरलेले तिघं. समनर आणि हूक चोवीस वर्षांचे, मॉरिस बावीसचा. म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांपेक्षा थोडेच मोठे. बँडमध्ये आधीपासून ठरलेलं होतं की कुणीही एक जण गेला तर हे नाव वापरायचं नाही. असल्या शपथा आपणही घेतो हो, फर्स्ट इयरला कॅन्टीनमध्ये बसून. पण इथे काय घडलं बघा. जुलैमध्ये 'क्लोजर' हा दुसरा अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला. जॉय डिव्हिजन या नावाला बाजारात भाव आला तो नेमका तेव्हा. नवा सिंगर आणून तेच नाव चालवलं असतं तर कोर्टकचेरी झाली नसती. त्यांनी नाव सोडलं. 29 जुलैला, म्हणजे अडीच महिनेही झाले नव्हते, ते मँचेस्टरच्या एका लहानशा क्लबमध्ये वाजवायला उभे राहिले तेव्हा त्यांना नावच नव्हतं.

पुढे मॅनेजर रॉब ग्रेटनला वर्तमानपत्रातल्या कंबोडियावरच्या एका लेखात शब्द सापडले, न्यू ऑर्डर. (नावं ठेवण्यात मात्र ही मंडळी कायम कच्ची. पहिलं नाव नाझी छळछावणीवरच्या कादंबरीतून घेतलेलं, दुसऱ्यालाही हिटलरचा वास. यावरून त्यांना बोलणी बसली आणि ती योग्यच होती.)

मोठा प्रश्न होता, गाणार कोण? तिघांनीही आळीपाळीने प्रयत्न केले. कुणालाच धड येत नव्हतं. शेवटी माळ समनरच्या गळ्यात पडली. त्याला गिटार आणि गाणं एकाच वेळी जमेना, म्हणून ऑक्टोबर 1980 मध्ये मॉरिसची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट कीबोर्ड आणि गिटारला आली. न्यू ऑर्डरचं पहिलं रेकॉर्ड, 1981 चं 'सेरेमनी', हे गाणं इयनच्या हयातीतलं होतं. शब्द लिहून ठेवलेले नव्हते, होती ती अस्पष्ट रेकॉर्डिंग्ज. समनरने ती ग्राफिक इक्वलायझरमधून घालून, मित्राच्या आवाजाची फ्रिक्वेन्सी वर काढून शब्द उतरवून घेतले. आपण सिग्नल आणि नॉइजची गणितं मार्कांसाठी सोडवतो. गेलेल्या मित्राचा आवाज नॉइजमधून वेगळा काढताना त्या माणसाला काय वाटलं असेल?

त्यानंतरचा 'मूव्हमेंट' हा अल्बम चाचपडणारा आहे. इयनच्या सावलीत गायल्यासारखा. पण ते तिथे थांबले नाहीत. समनरने किट आणून स्वतःच्या हाताने सीक्वेन्सर जोडला. ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि हा घरगुती सीक्वेन्सर एकमेकांशी बोलते करायचे, तेही मिडी रुळण्याआधी, म्हणजे आपल्या मिनी प्रोजेक्टची आठवण यावी असा प्रकार! मार्च 1983 मध्ये त्यातून 'ब्लू मंडे' निघालं. साडेसात मिनिटांचं गाणं, कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं. बारा इंची सिंगल्समध्ये ते जगात सर्वाधिक खपलं. प्रोग्रॅम भरताना गिल्बर्टकडून एक नोट सुटली, त्यामुळे धून तालापासून किंचित सरकलेली आहे. त्यांनी ती तशीच ठेवली. ऐकताना कान टवकारून बघा.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की जॉय डिव्हिजन हेच खरं, न्यू ऑर्डर म्हणजे डिस्कोत नाचायचं संगीत. मला हे अजिबात पटत नाही. दुःखी असलं की खोल आणि नाचवलं की उथळ, हे कुणी ठरवलं? 'ब्लू मंडे'वर लोक नाचतात, पण ते आनंदी गाणं मुळीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मित्र जाऊन अडीच महिने झाले नाहीत आणि हे स्टेजवर? मनं होती की दगड? यात तथ्य आहे. हूकने आणि समनरने पुढे पुस्तकं लिहिली, मुलाखती दिल्या. त्यांतून दिसतं की ते तेव्हा या विषयावर नीट बोललेच नाहीत, कामाला जुंपून घेतलं. पुढे कित्येक वर्षं जॉय डिव्हिजनची गाणी त्यांनी जवळजवळ वाजवलीच नाहीत. 1998 मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर ती खऱ्या अर्थाने परतली. 2007 मध्ये हूक बाहेर पडला, 2011 मध्ये बाकीच्यांनी त्याच्याविना न्यू ऑर्डर पुन्हा सुरू केलं, प्रकरण वकिलांकडे गेलं आणि 2017 मध्ये कुठे तडजोड झाली. तेव्हा हे तिघं काही संत नव्हेत. काम करत राहणं हा शहाणपणा होता, पण न बोलणं हा नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इथेच ही गोष्ट आपल्या कॉरिडॉरमध्ये येते. इयनच्या शब्दांत सगळं लिहिलेलं होतं. सोबत्यांना वाटलं, ही कविता आहे. त्यांनी विचारलं की तो म्हणायचा, मी ठीक आहे. तेही म्हणायचे, बरं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना यापलीकडे काय कळणार? त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण आपल्याला त्यांची गोष्ट माहीत आहे, म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त आहे. इथेही एटीकेटी लागलेला, घरून फोन आला की खाली मान घालून बोलणारा, मेसला यायचं बंद झालेला कुणीतरी "काही नाही रे, ठीक आहे" म्हणतोच की. तिथे "बरं" म्हणून निघून जाऊ नका. दुसऱ्यांदा विचारा. शेजारी बसा. झेपत नसेल तर रेक्टर सरांना, मॅडमना सांगा, ती चुगली होत नाही. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. तो सबमिशनच्या तारखांशेजारी लिहून ठेवा. आणि ठीक नसलेले तुम्ही स्वतःच असाल, तर तो तुमच्यासाठीही आहे.

तेविसाव्या वर्षी थांबलेल्या इयनवर प्रेम जरूर करा, तो होताच तसा. पण हीरो म्हणून मी बोट दाखवेन ते, गाता येत नसताना माइकसमोर उभ्या राहिलेल्या समनरकडे. या शनिवारी हेडफोन लावून आधी 'क्लोजर' ऐका, मग 'मूव्हमेंट', मग 'ब्लू मंडे'. याच क्रमाने. आणि पटलं नाही तर रूमवर या, भांडू. चहा माझ्याकडून!